ज्येष्ठतेनुसार बॅटिंग

फेब्रुवारी लागला की दिल्ली माणसात येते. जानेवारीभर ती धुक्यात तोंड खुपसून पडलेली असते. गाड्या उशिरा, सूर्य उशिरा, साहेब उशिरा, आणि फाईल तर काय, तिला बारा महिने धुकंच. मग एके दिवशी सकाळी आमच्या फरीदाबादच्या बाल्कनीत ऊन येतं. आधी नुसतं कठड्यावर बसतं, चार दिवसांनी आत येऊन वाळवणाच्या दोरीवर हात ठेवतं. खालच्या रस्त्यावरची सावर अजून नागडीच असते, पण तिच्या फांद्यांवर काळपट गोंडे धरलेले दिसतात. माझी लेक तन्वी तिला सेमल म्हणते. सावर म्हटलं तर तिला कळत नाही. ‘आई, सेमल बोल ना यार, सावर क्या होता है?’ मी दर वर्षी सांगते आणि ती दर वर्षी विसरते. मीही हट्टाने सावरच म्हणते.

या उन्हात बायका गच्चीवर स्वेटर वाळत घालतात, मटार सोलतात, संत्री खातात. मी माळ्यावरून ग्लव्ह काढते. वर्षभर पडून त्याचं चामडं पापडासारखं कडक झालेलं असतं. त्याला मोहरीचं तेल चोळायचं, आत जुना चेंडू घालून सुतळीने बांधायचं आणि दोन दिवस उन्हात ठेवायचं. ही कमलेशची पद्धत. कमलेश कोण ते पुढे येईलच. तेलाचा तो झोंबरा वास नाकात गेला की माझा मोसम सुरू होतो. नवरा म्हणतो, घरात लोणचं घातलंय की काय.

हो, बेसबॉल. आता हसून घ्या. दिल्लीत मी हे कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस आधी म्हणतो, ‘क्रिकेट ना?’ मग म्हणतो, ‘अच्छा, वो अमरीका वाला.’ अमेरिकेशी माझा काडीचा संबंध नाही. मी अमरावतीची. आमच्या वस्तीतल्या विहारामागे एक मोकळं, काटेरी मैदान होतं आणि आमच्या शाळेचे राऊत सर तिथे मुलींना आधी सॉफ्टबॉल आणि मग बेसबॉल शिकवायचे. अमेरिका कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा दुसऱ्या बेसवर घसरत कसं जायचं ते ठाऊक होतं. गुडघे कायम सोललेले. आई हळद लावायची आणि शिव्या द्यायची, दोन्ही एकाच हाताने.

राऊत सरांनी मला बॅटिंगला पहिल्या नंबरावर ठेवलं होतं. मी धिप्पाड नव्हते, माझा चेंडू लांब जायचा नाही. मी सरांना विचारलं होतं, मीच का पहिली? ते म्हणाले, तुला वाईट चेंडू ओळखता येतो म्हणून. या खेळात पिचरने चार वाईट चेंडू टाकले आणि तुम्ही एकालाही बॅट लावली नाही, तर पहिला बेस फुकट मिळतो. पहिलीने तेवढं करायचं. कसंही करून बेसवर जाऊन उभं राहायचं. दुसरीने तिला पुढे सरकवायचं. तिसरी आणि चौथी संघातल्या सगळ्यात दांडग्या, त्यांनी मारायचं आणि आधीच्यांना तिन्ही बेस ओलांडून घरी, म्हणजे निघाल्या जागी, आणायचं, की एक धाव. उरलेल्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे भर घालायची, आणि नववी झाली की पुन्हा पहिली. फोडणीसारखंच आहे ते. मोहरी आधी पडते ती वयाने थोरली म्हणून नव्हे. तिला तडतडायला वेळ लागतो म्हणून. हळद आधी घातली तर जळते, मग ती कितीही मानाची असो.

एवढी साधी गोष्ट दिल्लीत मला एका अवर सचिव बाईंना समजावून सांगता आली नाही.

परीक्षा देऊन मी केंद्र सरकारात निम्न श्रेणी लिपिक म्हणून लागले, दिल्लीला आले, लग्न झालं, फरीदाबादला घर मिळालं. बरीच वर्षं बॅट हातात नव्हती. मग कार्यालया-कार्यालयांच्या हिवाळी स्पर्धेत बायकांचा बेसबॉल आला. आमच्या ऑफिसात कुणाला खेळ येत नव्हता, पण परिपत्रक आलं होतं, म्हणजे संघ पाठवणं भाग होतं. संघाची जबाबदारी आमच्या अवर सचिव, प्रधान मॅडमवर आली. मॅडम पुण्याच्या. उंच, नीटनेटक्या, सुती साडीवर कायम एक करड्या रंगाची शाल, आणि मनाने फार चांगल्या. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला त्या खलनायिका वाटू नयेत. कुणाच्या घरी आजारपण असलं की त्यांचा डबा पोचायचा. संक्रांतीला त्या सगळ्या मजल्यावर फिरून तिळगूळ वाटायच्या, शिपायांपासून सुरुवात करून. पण यादी म्हटली की त्यांना एकच यादी ठाऊक होती.

पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कागद दिला. नऊ नावं, टंकलेली, खाली सही. मी वाचली आणि क्षणभर मला वाटलं, चुकून दुसराच कागद आला. ती आमची सेवाज्येष्ठता यादी होती. पहिल्या नंबरावर प्रधान मॅडम. मग दोन सेक्शन ऑफिसर, त्यांच्यातही जिची नेमणूक आधीची ती वर. मग असिस्टंट. मग उच्च श्रेणी लिपिक. आठवी मी. नववी कमलेश.

कमलेश म्हणजे आमच्या मजल्यावरची मल्टी टास्किंग स्टाफ, जुन्या भाषेत शिपाई. बल्लभगढच्या बाजूची. शाळेत गोळाफेक करायची. पाण्याचा वीस लिटरचा जार एका हाताने उचलून मशीनवर उलटा ठेवायची आणि दुसऱ्या हाताने ओढणी सावरायची. मी तिला बॅट कशी धरायची ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने पहिलाच चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे, पार्क केलेल्या सरकारी गाड्यांत नेऊन टाकला. बॅटची मूठ घामाने सटकते म्हणून ती करोल बागेत गेली, मोटारींच्या सामानाच्या गल्लीतून स्टिअरिंगला गुंडाळायची पट्टी घेऊन आली आणि ती तिने मुठीवर घट्ट वळली. दुकानदाराने विचारलं, कोणती गाडी? ती म्हणाली, ‘मेरी वाली.’

असली बाई नवव्या नंबरावर.

पण आश्चर्य तरी का वाटावं? सरकारी ऑफिसात सगळंच ज्येष्ठतेने होतं. खुर्चीला हात असणं, खुर्चीवर पांढरा टॉवेल असणं, थंडीत हीटर कुणाच्या पायाशी असणं, चहा आधी कुणाच्या टेबलावर जाणं. गटाचा फोटो काढायचा तरी फोटोग्राफरला कुणी सांगावं लागत नाही, माणसं आपोआप पायरीने उभी राहतात. अशा ठिकाणी वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला वाटणारच की बॅटिंग म्हणजे एक प्रकारचा मान आहे आणि तो वरून खाली यायला हवा. ही चूक क्रिकेटच्या मैदानावर कुणी करणार नाही. ती आमच्याकडेच होऊ शकते.

पहिली मॅच मला चेंडू-चेंडू आठवते. कोवळं ऊन, ओलं गवत, ज्याच्यावर बूट टाकला की चुकचुक आवाज व्हायचा. आमच्या मॅचेस पाच इनिंगच्या, दर इनिंगला तीन आउट. पहिल्या इनिंगला मॅडम आणि दोन सेक्शन ऑफिसर आउट. दुसऱ्या इनिंगला तिघी असिस्टंट आउट. अर्धा सामना संपत आला तेव्हा तिसऱ्या इनिंगमध्ये, सातवी आउट झाल्यावर, माझी पाळी आली. मी चेंडू दोघींच्या मधून काढला आणि बेसवर गेले. मग कमलेश आली. ॲल्युमिनियमच्या बॅटचा ठण्ण असा आवाज झाला, भांड्याच्या दुकानात हंडा पडावा तसा, आणि मी तिसऱ्या बेसवर, ती दुसऱ्या. घर समोर दिसत होतं. आणि आता यादी पुन्हा वरून सुरू झाली. मॅडम आल्या, आउट झाल्या. मोठ्या सेक्शन ऑफिसर आल्या, आउट झाल्या. आम्ही दोघी आपापल्या बेसवर उभ्याच राहिलो. शेवटच्या इनिंगला शेवटची आउट मी झाले, उंच चेंडू मारून, सोपा झेल देऊन. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण तेव्हा मैदानाच्या कडेला कमलेश हेल्मेट घालून, बॅट घेऊन उभी होती. आमची सगळ्यात ताकदीची बॅटर पूर्ण सामन्यात एकदा खेळली. मॅडम दोनदा.

कमलेशने हेल्मेट काढलं आणि एवढंच म्हणाली, ‘दीदी, म्हारा तो नंबर ही ना आया.’

हे वाक्य मी त्या दिवशी मेट्रोत बसून फरीदाबादपर्यंत ऐकत गेले. कारण ते मी आधी ऐकलेलं होतं. आईच्या माहेरी विहिरीवर तिच्या वस्तीतल्या बायकांची पाळी शेवटी यायची. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कुणी अपमानही करायचं नाही. वरच्या आळीच्या बायका हसून बोलायच्या, लेकराबाळांची विचारपूस करायच्या, आणि त्यांचं भरून झालं की मग आमच्या आईची कळशी आत जायची. मोठेपणी मी तिला विचारलं होतं, तुला राग नाही यायचा? आई म्हणाली, राग येऊन काय, शेवटी गेलं की गढूळच येतं. ती हे सहज म्हणाली, भाजी निवडता निवडता. मला मात्र ते आजतागायत पचलेलं नाही. तेव्हाही पचलं नाही आणि मेट्रोतही नाही.

दुसरी मॅच आम्ही जिंकलो, पण ती समोरच्या ऑफिसच्या चार जणी आल्याच नाहीत म्हणून. मॅडम खूश झाल्या आणि सगळ्यांना कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये घेऊन गेल्या. साबुदाणा वडा, दही, वर कडक चहा. कमलेशने साबुदाणा पहिल्यांदा खाल्ला. हे मोती आहेत का, असं तिने विचारलं. मला वाटलं, वातावरण मऊ आहे, आत्ताच बोलावं. मी मॅडमशेजारी जाऊन बसले आणि मोहरी-हळदीची सगळी गोष्ट सांगितली. तिसरी मॅच जिंकलो तर फायनल आहे, मला पहिलं जाऊ द्या, कमलेशला चौथं, तुम्ही नवव्या या, असंही म्हणून गेले.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग शाल सारखी करत म्हणाल्या, ‘करुणा, तुझं खेळाच्या दृष्टीने बरोबर असेल गं. पण उद्या सेक्शन ऑफिसर बाई मला विचारतील, कमलेश आमच्या वर कशी? मी काय उत्तर देऊ? मला या बायकांबरोबर फेब्रुवारीनंतरही काम करायचंय.’

त्यांचंही खरं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी माझ्या अंगाची लाही झाली. खेळाच्या दृष्टीने बरोबर असेल, असं त्या म्हणाल्या होत्या. मग आम्ही मैदानावर आणखी कोणत्या दृष्टीने जात होतो?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझा वार्षिक गोपनीय अहवाल प्रधान मॅडम लिहायच्या. त्या वर्षी माझी बढती ठरणार होती. माझ्याबरोबर लागलेल्या दोघी केव्हाच वर गेल्या होत्या. घरी नवऱ्याने आणि मी त्या बढतीच्या जोरावर किती मनसुबे रचले होते. म्हणजे मॅडमची मर्जी राखण्याचं यापेक्षा चांगलं वर्ष शोधून सापडलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट अशी, की मॅचआधी पंचाच्या हातात जे कार्ड द्यायचं, ते भरायचं काम माझ्याकडे होतं. स्कोअर लिहिता येणारी मी एकटी, आणि कारकूनही मीच. या खेळात पंचाने कार्ड घेतलं की संपलं. त्यावरचा क्रम हाच क्रम. मग कुणी नंबर सोडून खेळलं आणि समोरच्या संघाने हरकत घेतली, तर आउट. साहेबाचा फोन चालत नाही, शुद्धिपत्रक निघत नाही. अख्ख्या दिल्लीत असा कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसऱ्या मॅचच्या सकाळी मी बाकावर बसून कार्ड भरलं. डाव्या मांडीवर मॅडमची सही असलेली यादी, उजव्या मांडीवर कोरं कार्ड. पहिलं नाव मी माझं लिहिलं. हे मी लपवत नाही. लोकांना अशा गोष्टीत दुसऱ्यासाठी लढणारी बाई आवडते, आणि मी पुष्कळदा ही हकिकत कमलेशच्या नावानेच सांगितलेली आहे. पण पेन टेकवलं तेव्हा माझ्या मनात आधी मी होते. मला पहिलं जायचं होतं. मला ते येत होतं. चौथ्या नंबरावर कमलेश. नवव्या नंबरावर प्रधान मॅडम. अक्षर सुवाच्य आलं. आम्हा कारकुनांचं अक्षर भीतीतही बिघडत नाही.

कार्ड पंचाला देऊन मी परत आले तेव्हा मॅडमनी हेल्मेट घातलेलं होतं. त्यांना सांगायला तोंड उघडलं, तोवर माईकवरच्या माणसाने पुकारलं, पहली बैटर, करुणा. मॅडम थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, मी क्रम बदललाय, तुम्ही नवव्या आहात. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी हेल्मेट काढलं, ते माझ्या हातात दिलं आणि बाकावर शेवटच्या जागेवर जाऊन बसल्या. दोन्ही सेक्शन ऑफिसर बायका फुगून बसल्या.

काय खेळलो आम्ही त्या दिवशी! पहिल्याच पाळीला मी चार चेंडू सोडून बेसवर गेले. राऊत सर असते तर त्यांनी नुसती मान हलवली असती. कमलेशने मला घरी आणलं. तिसऱ्या इनिंगला पुन्हा आणलं. घरी पळत येताना धुळीचा, गवताचा आणि संत्र्याच्या सालींचा वास एकत्र नाकात गेला होता, आणि मला आपण चाळिशीला आलोय हे साफ विसरायला झालं होतं. मागे बाकावरून एक सेक्शन ऑफिसर बाई, जी मघाशी फुगून बसली होती, ‘भाग करुणा, भाग’ म्हणून किंचाळत होती.

शेवटच्या इनिंगला आम्ही पाच-चारने मागे होतो. दोघी आउट झाल्या. आठवी कशीबशी बेसवर पोचली. मग प्रधान मॅडम. त्यांच्यानंतर मी. त्यांनी फक्त आउट व्हायचं नव्हतं, पुढचं मी बघितलं असतं. त्या जाता जाता माझ्याजवळ थांबल्या आणि विचारलं, काय करू? त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, काही करू नका, वाईट चेंडू सोडा. त्यांनी सोडले. तीन वाईट पडले, दोन चांगले पडले. शेवटचा चेंडू यायचा होता. तो पिचरच्या हातातून सुटला तेव्हा मला उंच वाटला आणि मी कडेवरून ओरडले, सोडा. त्यांनी सोडला. पंचाने हात वर केला. तो चेंडू चांगला होता, तिसरा, आणि तीन चांगले सोडले की आउट. आम्ही हरलो, आणि मी बॅट घेऊन कडेला उभीच होते.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसातल्या पुरुषांनीसुद्धा मला क्रिकेटचे दाखले देऊन समजावलं, की क्रमाला हात लावला की असंच होतं. यादीप्रमाणे खेळला असतात तर कदाचित जिंकला असतात, असं एकाने म्हटलं. मी त्याला स्कोअरची वही दाखवली. पहिल्या मॅचला शून्य, या मॅचला चार. आणि खालची ओळ मुद्दाम बोट ठेवून दाखवली. पहिल्या मॅचमध्ये पहिल्या नंबरावर जाऊन मॅडमना दोन पाळ्या मिळाल्या होत्या. या मॅचमध्ये शेवटच्या नंबरावर जाऊन तीन. कमलेशला तीन, मला तीन, सगळ्यांना तीन. पुढच्या बायका बेसवर टिकल्या की खेळ लांबतो आणि पाळी शेवटपर्यंत पोचते, पुन्हा पुन्हा पोचते. वरच्याने आधी भरून घेतलं म्हणजे त्याला जास्त मिळतं, ही समजूतच खोटी आहे. क्रम बदलल्याने चमत्कार होत नाहीत, हे मला मान्य आहे. चांगला क्रम लावूनही माणूस हरतो. म्हणून वाईट क्रम बरोबर ठरत नाही.

मार्चच्या अखेरीस मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतःच विषय काढला. हरलो त्याचं काही नाही, म्हणाल्या. पण एका रकान्यात मी तुझे गुण कमी केलेत, वरिष्ठांशी सहकार्य या रकान्यात, आणि हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते. ‘तू मला विचारायला हवं होतंस,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?’

‘नाही,’ म्हणाल्या.

त्या वर्षी माझी बढती झाली नाही. त्या रकान्यामुळेच असं मी म्हणणार नाही, जागाही कमी होत्या. पण मेट्रोत मी रडले, हे खरं. नवऱ्याने त्या दिवशी स्वतः खिचडी टाकली. पुढच्या वर्षी बढती झाली. मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. जायच्या आधी त्यांनी संघाच्या फाईलवर एक ओळ लिहून ठेवली, की बॅटिंगचा क्रम स्कोअर लिहिणाऱ्या खेळाडूने ठरवावा. ही ओळ लिहिताना त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी अनेकदा करते. मला आजही त्यांचा राग येतो आणि त्यांचा डबाही आठवतो. दोन्ही राहू द्यावं असं मी ठरवलंय.

त्या मोसमाला आता सात-आठ वर्षं झाली. खेळाने देश बदलला नाही. खुर्च्यांवरचे टॉवेल तसेच आहेत. पण आमच्या मैदानावर कुणी ग्रेड विचारत नाही, एवढं मात्र मी करून घेतलं, भांडून घेतलं. कमलेश परीक्षा देऊन लिपिक झाली, चौथ्या नंबरावर अजून तीच येते. आणि मी या संघातली सगळ्यात ज्येष्ठ झाले. वयाने, नोकरीनेही. गुडघा आता पायऱ्या उतरताना कुरकुरतो. डोळा अजून शाबूत आहे, वाईट चेंडू आजही ओळखते, पण ओळखून बेसवर पोचल्यावर पुढे पळायचं असतं, ते होत नाही. मागच्या मोसमात दोनदा माझ्यामुळे मागून पळणारी आउट झाली. कुणी काही बोललं नाही. बोललं नाही हेच मला लागलं.

यंदा अंकिता आली आहे, साताऱ्याची, नवी स्टेनो. चोवीस वर्षांची, अबोल, काटक, आणि चेंडू सोडताना पापणी लवत नाही. सरावात मी तिला तीन दिवस नुसती बघत होते. सांगायची गरजच नव्हती, ती पहिल्या नंबराची आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला रागच आला तिचा. अगदी स्पष्ट सांगायचं तर मनात आलं, आणखी एक वर्ष थांब बाई.

गेल्या शनिवारी पहिली मॅच होती. तन्वीही माझ्याबरोबर आली होती, बाकावर बसून शेंगा सोलत. मी कार्ड भरायला घेतलं तर कमलेश माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. ओपनिंग तुम्हीच करायची, हा तुमचा हक्क आहे, तुम्ही तो लढून घेतलाय, असं ती हिंदीत बजावत होती. बाकीच्यांनीही री ओढली. दीदी, मान तुमचा. सगळ्या मनापासून म्हणत होत्या. प्रेमाने म्हणत होत्या. मला वाटतं, यादीचं पहिलं नाव नेहमी असंच लिहिलं जात असेल, प्रेमाने आणि मानाने, आणि वरच्या माणसाला ते नाकारणं जिवावर येत असेल. मला आलं. पेन कितीतरी वेळ हवेतच होतं. ही जागा सोडली की ती परत मिळायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी अंकिताचं नाव पहिलं लिहिलं. मग बाकीची. सगळ्यात खाली, नववं, माझं. कमलेश चिडली. हे काय, आपण पुन्हा तिथेच आलो, म्हणाली आणि तोंड फिरवून बॅट घ्यायला गेली. मी कार्ड पंचाला देऊन आले आणि बाकाच्या टोकाला बसले.

तन्वी सरकून जवळ आली. तिने ते कार्ड माझ्या खांद्यावरून वाचलेलं होतं.

‘आई, तू लास्ट? तुला बुरा नाही वाटत?’

‘कुणी ढकललं तर वाटतं,’ मी म्हटलं. ‘हे मी माझ्या हाताने लिहिलंय.’